वाळ्याची ताटी

इंदोरा, नागपूर
१२ मे १९७४

चिरंजीव मधुकर आणि सौ. प्रेमलता यांस आईचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

मी बरी आहे. ऊन म्हणशील तं कावळे झाडाखालून हलत नाही, पण ते आपल्याले नवं नाही.

तुहं पत्र भेटलं. चिपळूणले मोठं क्वार्टर मिळालं, एक खोली माह्यासाठी ठेवली, पाऊस लागायच्या आत इथलं घर सोडून कायमची ये, असं लिहिलं. वाचून डोळे भरून आले, खोटं काहून सांगू? पण बापा, तिकडची हवा मले झेपत नाही.

मागच्या उन्हाळ्यात पाहिलं ना! एका दिवसाच्या रस्त्यात किती हवा गा त्या! गुहागरले समुद्रावर वाराच वारा, पण अंग चिकट. चिपळूणले वाराही नाही, नुसती उकड. तू तुह्या घाटरस्त्याच्या कामावर वर घेऊन गेला, तं संध्याकाळी शाल मागावी लागली. अन घाटापलीकडे पाटणले गेलो, तं आपल्यासारखी कोरडी हवा, वावरात ज्वारीची धसकटं. तिथं कुठं मले मोकळा श्वास आला.

अन ती ताटी! जरीपटक्याच्या बाजारातल्या गणपतरावानं तुह्या खिडकीसाठी वाळ्याची ताटी बांधून देली. मी ती रेल्वेत लोकांच्या शिव्या खात आणली. नागपूरच्या माणसाले वाटते, ताटी ओली केली की घर थंड झालंच. मी बादल्यावर बादल्या ओतल्या, अन खोलीत शिजत्या भाताच्या गंजातल्यासारखी वाफ कोंडली. प्रेमलता घामानं निथळून राहिली होती, तरी म्हणे, "आत्याबाई, वास मस्त येऊन राहिला." गुणाची पोर आहे. आठ दिवसांत ताटीवर बुरशी चढली.

परत येऊन गणपतरावाले सांगितलं, तं तो हसलाच नाही. "बाई, मी कधी नागपूर सोडलं नाही. हवेतच पाणी राहते, हे मले काय माहीत?" असा खजील झाला बिचारा! दुसऱ्या दिवशी माह्या खिडकीले नवी ताटी लावून गेला. मंग रोज दुपारी तिच्यावर पाणी मारायले येऊ लागला. मी म्हटलं, "काहून गा, मले हात नाही काय?" तं म्हणे, "हात आहेत, म्हणून तं चहा भेटते."

यंदा मीही त्याच्या दुकानात ताट्या बांधून राहिली. बांबूच्या कामट्यांच्या चौकटीत वाळा भरायचा अन सुतळीनं आवळायचा. हाताले वास लागते तो रात्रीपर्यंत जात नाही. त्याची बायको जाऊन लय वर्षं झाली, पोरबाळ नाही.

तू म्हणशील, हवेचं लिहिता लिहिता आई कुठं चालली? हवेचं सारं खरं आहे, मधुकर. पण हवेसाठी मी थांबली नाही. तुहे बाबा गेल्यावर मी एकटीनं तुले वाढवलं, तेव्हा एकटं राहणं जड गेलं नाही. आता जड जाते. गणपतरावानं विचारलं अन मी हो म्हटलं. या महिन्याच्या शेवटी विहारात, चार माणसांसमोर एकमेकाले हार घालू.

वस्तीतले लोक हसतील, हसू दे. तुले लाज वाटली तं मले दुःख होईल, लय होईल. पण मी मागं फिरणार नाही. भेव एकाच गोष्टीचं वाटते, तू पत्र लिहिणं बंद करशील.

प्रेमलता, तू तरी त्याले समजाव वं. तुह्यापाशी तो ऐकते.

ती खोली कोणाले देऊ नको. कायमची नाही, पण पाऊस सरला की चार दिवसांसाठी येईन. फक्त मले एकटीले बोलावू नको. या वेळी ताटी आणणार नाही, बांधणाऱ्याले आणीन.

पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
नाव बदललं तरी तुहीच आई,
बायजाबाई