शिंपल्याचं कॅल्शियम

गुरुवार, संध्याकाळ

सासूबाईंचं आजचं ते बोलणं डोक्यातून जातच नाही.

निळ्या लाटेचं चित्र असलेली ती बाटली त्यांनीच शिवाजी पेठेतल्या निम्म्या भजनी मंडळाला घ्यायला लावली होती. समुद्रातलं कॅल्शियम, गुडघ्यांना भारी म्हणून. काल डॉक्टरीणबाईंनी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचून सांगितलं, हे शिंपल्यांपासून केलंय. साध्या गोळीपेक्षा जास्त गुण येतो असा भक्कम पुरावा नाही. शिंपल्यात कधीकधी शिसंही सापडतं, तेव्हा तपासणी झालेलंच घ्यावं. आणि थायरॉईडच्या गोळीत नि यात चार तासांचं अंतर हवं. सासूबाई तर दोन्ही एकदमच गिळायच्या.

मला वाटलं, आता बाटली गुपचूप कपाटात जाईल. मी तेच केलं असतं. केलं असतं ना?

त्यांनी आज भजनात आरतीआधी पेटी थांबवली आणि निळी लाट सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. "हे घ्या म्हणून मीच सांगितलंतं न्हवं? आता मीच सांगतो, माझं चुकलं. ह्यो शिंपला हाय. गुरुवारच्या उपासालाबी खाल्ला आपण."

दोघीतिघींनी कपाळाला हात लावला. शेजारच्या काकूंनी विचारलं, "मग आता काय घ्यायचं वो?"

ताप-खोकल्यापासून सोयरिकीपर्यंत कशालाही सासूबाईंकडे उत्तर नाही, असं मी लग्न होऊन आल्यापासून कधी पाहिलेलं नाही. बाटली पिशवीत टाकत त्या म्हणाल्या, "डॉक्टरीणबाईला इचारा. मला म्हाईत न्हाय."