अडला होतात, की थांबला होतात?

दुर्गाघाट, काशी

तीर्थरूप अण्णाकाका,

काल दुपारी, चहाच्या सुट्टीच्या जरा आधी, बेंगळूरच्या एका प्रोफेसरांनी फळ्यावर खळगा काढला आणि माझं सगळं उलटंपालटं झालं. तोवर मी तुमचा चांगला पुतण्या होतो. आता कोण आहे, मला कळत नाही. म्हणून लिहितोय. गेलेल्या माणसाला साष्टांग नमस्कार लिहितात का? माहीत नाही. लिहिला असं समजा.

तुम्ही म्हणाल, बीएस्सी अर्धी टाकलेला नारू विद्यापीठात काय करत होता? वसुधानं नेलं. हो, तीच, बँकेतल्या साठ्यांची. तिच्यापायी मी रोज विद्यापीठाच्या दाराशी, लंकेच्या चौकापर्यंत सायकल हाणायचो, तेव्हा तुम्ही तुमच्या वेदपाठशाळेच्या ओट्यावरून ओरडायचात, "संध्येला इतका नेम असता तर ऋषी झाला असतास!" पोरं फिदीफिदी हसायची.

भौतिकीवाल्यांनी दोन दिवसांचं संमेलन भरवलंय. बाहेर कापडी फलक, थिअरेटिकल न्यूरोसायन्स. मेंदू चिरायचा नाही, उंदीर मारायचे नाहीत, नुसतं मेंदूचं गणित. आणि कम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जायचं! तुम्हाला फार आवडलं असतं. खरं सांगतो, मी काही विज्ञानासाठी गेलो नव्हतो. ती शेजारी बसणार होती.

तर ते प्रोफेसर म्हणाले, आठवण म्हणजे एक खळगा. उतारावर गोटी कुठेही सोडा, घरंगळत तळाशीच जाते. आठवणीचा तुकडा द्या, उरलेलं मेंदूतलं जाळं आपसूक पुरं करतं. पण एखादा खळगा फार खोल झाला, तर आसपासचं सगळं त्यातच पडतं. भलतंच काही हवं असलं तरी.

मला तुम्ही आठवलात.

लकवा झाल्यावर तुमचे शब्द गेले. 'पाणी' येईना, काकूचं नाव येईना. पण पहिलं पद कानात घातलं की अख्खा अध्याय, स्वरासकट, स्वच्छ! डॉक्टर म्हणाले, होतं असं, बोलणं जातं, पाठांतर राहतं. गल्लीतली माणसं दारातूनच हात जोडून जायची.

आणि मधेच तुम्ही थांबायचात. माझ्याकडे बघायचात. ओठ नुसतेच हलायचे.

आपल्या घरात म्हणणारा अडला की शेजारच्यानं पुढचं पद द्यायचं. तुम्हीच शिकवलंत ना! "अडलेल्याला ताटकळत ठेवू नये रे." मग मी लगेच द्यायचो. तुम्ही डोळे मिटायचात आणि परत सुरू व्हायचात. काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "नारू आहे म्हणून पाठ खंडत नाही." मलाही केवढा अभिमान!

अण्णाकाका, तुम्ही अडला होतात, की थांबला होतात? काही सांगायचं होतं का? तहान लागली होती? आणि मी दर वेळी तुम्हाला परत त्याच खळग्यात लोटत होतो?

पण तुम्ही तरी डोळे का मिटायचात? उजवा हात गेला होता, डावा होता ना! एक थोबाडीत द्यायची होती. 'गप बस, नाऱ्या!' असं हातानं तरी सांगायचं होतं. अख्खी पाठशाळा तुम्हाला थरथर कापायची, आणि माझ्यापुढे एवढे गरीब कसे झालात?

वसुधाला हे सांगितलं तर ती टुणकन उठली. "अरे पागल, उद्या शेवटी सवाल-जवाब आहेत, हेच विचार! बेंगळूरला उन्हाळ्यात विद्यार्थी घेतायत. डिग्रीचं नंतर बघू म्हणतात, आधी प्रश्न काय आणलास ते सांग."

मी भडकलो. "म्हणजे माझा काका तुमचा नमुना? फळ्यावर काढाल त्यांना?"

"नारायण, मला एवढंच म्हणायचंय, की तू..."

"की मी फुकट गेलोय! हेच ना?"

तिनं रिक्षा थांबवली, बसली, गेली. तिला काय म्हणायचं होतं, कोण जाणे! प्रॅक्टिकलचा परीक्षकसुद्धा "तुमच्यासारखी मुलं" एवढंच म्हणाला होता. पुढचं मीच त्याच्या तोंडात घातलं आणि कॉलेजातून बाहेर पडलो.

संध्याकाळी काकूला विचारलं. ती पोळ्या लाटत होती.

"वेद म्हणजे खळगा? जीभ झडेल मेल्या! त्यांचं काय सांगायचं राहिलं होतं? सगळं सांगून झालं होतं." दोन पोळ्या झाल्या. मग तव्याकडे बघतच म्हणाली, "मला आपलं कधी कधी वाटायचं, हाक मारतायत."

आणि गॅस बंद करून आत गेली.

आता मी काय समजू? ती प्रोफेसर मंडळी 'हो, त्यांना बोलायचं होतं' म्हणाली, तर काकूला तोंड कसं दाखवू? 'नाही' म्हणाली, तर माझा विश्वास बसेल? बहुतेक 'माहीत नाही' म्हणतील. काल दर तिसऱ्या प्रश्नाला तेच म्हणत होती, आणि कुणाला त्याची लाज नव्हती! माहीत नाही हे सांगायला माणसं इतक्या लांबून गाडीनं येतात, हे मला ठाऊकच नव्हतं. तुम्हाला मणिकर्णिकेवर पोचवून परतल्यापासून जो तो मला सगळं माहीत असल्यासारखंच सांगतोय. सुटले. मोक्ष मिळाला. वेद म्हणत गेले.

बेंगळूरचं मला कळत नाही. वसुधा येईल बरोबर, की माझं तोंडही बघणार नाही, तेही कळत नाही. पण प्रश्न माझा आहे, तो दुसऱ्या कुणी विचारलेला मला चालणार नाही.

तेव्हा वचन देतो. तिथे तुम्हाला 'पेशंट' म्हणणार नाही, 'माझे काका' म्हणेन. उत्तर येईल ते काकूला जसंच्या तसं सांगेन, गोड करून नाही. आणि वसुधा बोलली, तर ती कितीही वेळ थांबली तरी मधे तोंड घालणार नाही.

काकू मंगला गौरीच्या देवळात गेलीय. शेवटचं सत्र सुरू व्हायला आलं. उठतो, दार ओढून घेतो आणि निघतो.

तुमचा,
नारू