पलंगावरची लाल चिंधी

प्रिय सुनंदा,

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी तुझ्या वॉर्डातल्या सगळ्या लाल चिंध्या पलंगांवरून काढून कचऱ्यात टाकल्या. तपासणीला साहेब येणार होते, म्हणून! मी बीपी दाखवायला आले होते. तू जाऊन दोन महिने झाले, तुझ्या जागी अजून नर्स नाही, आणि तुझी एवढीशी खूणही यांना खुपली. हे तुला नाही तर कोणाला सांगू?

माझ्या पलंगाला तू चिंधी बांधलीस तो दिवस आठवतो? पक्षाघाताने माझी उजवी बाजू गेली होती, आणि जीभही. जिच्या तोंडाला अख्खं पोस्ट ऑफिस घाबरायचं ती मी, मुकी! वहिनी शेणवे गावाहून पेजेचा डबा घेऊन आल्या. पेज पोटात गेली की आजारी माणूस उठतोच, ही आपल्याकडची श्रद्धा. मला आडवीच ठेवून त्या भरवणार, तोच वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाकडून तू ओरडलीस, "ओ ताई, थांबा! पेज फुफ्फुसात जायल!"

"अगो, कालपासून उपाशी हाय ती."

"सलाईन चालू हाय ना? आधी गिळता येतं का ते बघूया."

आणि उशाच्या दांडीला चिंधी बांधलीस. "ही हाय तोवर तोंडात काय नाय घालायचं. तीस पलंगांना मी एकटी, ताई. कुठंकुठं धावू?"

तिसऱ्या दिवशी मला ताठ बसवून चमचाभर पाणी दिलंस. "आता बोला काय तरी. आवाज घरघरतो का ऐकते." वहिनींची बडबड चालूच होती. माझ्या तोंडून निघालं, "गप्प!"

"घ्या! गळा साफ हाय," म्हणून तू खदखदून हसलीस आणि चिंधी सोडलीस. त्या दिवशीची पेज! तशी चव पुन्हा कशालाच आली नाही.

एक मात्र चुकलंस. सगळ्यांचा बीपी मोजलास, पण डबल ड्युटीत तुझ्याच छातीत कळ आली तेव्हा "ॲसिडिटी हाय, बाई" म्हणालीस, आणि त्यातच गेलीस. मी का ऐकून घेतलं? एरवी कुणाचं ऐकते का मी?

मंगळवारी चिंध्या गेल्या आणि तासाभरात मुरबाडकडचा एक माणूस आडव्या पडलेल्या आईला कपाने चहा पाजायला निघाला. मी कप धरला. "नुसता चा हाय, आजी!" "आधी गिळता येतं का, नर्सला विचार," म्हटलं. शेजारच्या वॉर्डातली नवी नर्स धावत आली. दोन वॉर्ड तिच्या एकटीच्या गळ्यात. तिला मी एक शब्द बोलले नाही, नोंद घे! तिने चमचाभर पाणी दिलं आणि म्हातारीला ठसका लागला. चहा परत गेला.

कॉन्व्हेंटमध्ये मदरनी शिकवलेल्या टाक्यांनी मी तीस लाल पट्ट्या शिवल्यात, तू रोज चेंडू दाबायला लावलेल्या याच उजव्या हाताने. टाके वाकडे आहेत, पण माझे आहेत. आज नर्सने दाखवलेल्या पलंगांना त्या बांधल्या, उरलेल्या तिच्याकडे दिल्या. तुझी जागा भरेपर्यंत रोज सकाळी वॉर्डात बसेन आणि डबा घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला पट्टीचा अर्थ सांगेन. हा शब्द तुला.

साहेबांनाही पत्र दिलंय, पोच घेऊन. चिंध्या कोणाच्या हुकमाने काढल्या आणि सुनंदाच्या जागी नर्स कोणत्या तारखेला येणार? लेखी उत्तर, येत्या सोमवारी दुपारी बाराच्या आत.

तुझी,
सात नंबरच्या पलंगावरची कुसुम