ज्युलियासाठी एक कॅसेट

३ जून १९८८
आजपासून जर्मन. माझ्या श्रीरंगची जर्मन सासू तिकडे स्टुटगार्टला नातीला रोज गोष्टी सांगते. सहा वर्षांच्या ज्युलियाला ठाण्यातही एक आजी आहे, हे कळायलाच हवं. नौपाड्यातच क्लास लावला. लिपी इंग्लिशचीच. कॉन्व्हेंटमध्ये एलोक्युशनचं पहिलं बक्षीस कायम माझं. महिनाभरात संपवते.

१० जून
शिकवणारा चांगदेव माझ्या निम्म्या वयाचा. म्हणे डब्ल्यूचा व, व्हीचा फ, झेडचा त्स. मग अक्षरं केली कशाला? सी-एचसाठी घशातून खरवडल्यासारखा आवाज काढायला लावतो. चारचौघांत घसा खाकरायला सिस्टरनी शिकवलं नाही आम्हाला.

२४ जून
कहर! जे म्हणजे य. माझी नात म्हणे यूलिया! मी म्हटलं, नात माझी आहे. तर म्हणतो, मॅडम, नाव तिच्या आईने ठेवलंय ना? उद्धट. क्लास सोडला. पुस्तक आहे, मी आहे. उच्चारांना कोणी नावं ठेवायचं काम नाही.

१४ ऑगस्ट, सकाळी
श्रीरंगचा मित्र आज परत स्टुटगार्टला जातोय, त्याच्याबरोबर कॅसेट देणार. अख्खी गोष्ट जर्मनमध्ये भरली. फर्स्ट क्लास. अगदी शेवटी समोरच्या मनुबाईने जिन्यातून रोजची बोंब ठोकली, अगं बायांनो, पाणी आलं गं! पुन्हा भरणार होते, पण बादल्या लावायच्या होत्या. असो. मुलीचं लक्ष माझ्याकडेच राहणार.

२ ऑक्टोबर
उत्तर नाही. टेप झिजेपर्यंत ऐकत असेल. विहीणबाईंचा चेहरा बघायला हवा होता.

१९ नोव्हेंबर
उत्तराची कॅसेट आली. श्रीरंगला बोलताना हसू आवरत नाही. म्हणतो, आई, तुझी नात विचारते, ह्या कुठल्या टीचर आणि ही ज्युलिया कोण? शेवटची आरोळी मात्र रोज लावायला सांगते. तिच्या मते ती ओरडणारीच आजी. ती आजी कधी येणार, म्हणून डोकं खाते. मग नातीचा आवाज. पाणी आलं गं! हुबेहूब. आणि खिदळणं.

टेपचा आवाज ऐकून मनुबाई दारात हजर. अहो ताई, पोरगी काय म्हणाली, ओळखीचं काहीतरी वाटलं.

म्हटलं, तुम्हाला नाही समजायचं. जर्मन आहे.