अर्धा गुडघा नवा, चाल माझीच

प्रिय धाकटे,

अक्षर नातीचं आहे, बोलणं माझं. ती मधेच हसते, म्हणून ओळ वाकडी गेली तर मला बोल लावू नकोस.

ऑपरेशन झालं हे तुला फोनवर सांगितलंच, पण गुडघ्याचं नाव निघालं की तू फोन सुनेच्या हातात देतेस, म्हणून खरी गंमत राहिली. अख्खा गुडघा नाही गं बदलला. आपल्या शिवणाच्या दुकानात चाळीस वर्षं पायमशीन चालवून माझी फक्त आतली बाजू झिजली होती. डॉक्टरांनी तेवढंच हाड तासलं, वर-खाली धातू आणि मधे प्लास्टिकची चकती बसवली. बाहेरची बाजू, वाटी, सांध्याला आतून धरून ठेवणारे बंध, सगळं जन्माचंच ठेवलं. म्हटलं, म्हणजे झिजला तेवढाच तुकडा बदलला, कापड तेच. ते म्हणाले, आजी, उद्यापासून पेशंटना तुम्हीच समजवा.

मग मी अक्कल पाजळली. जुन्या कापडाला कोरा तुकडा जोडला की तो धुतल्यावर आटतो आणि शिवण ओढते, हे आपण गिऱ्हाइकांना किती वेळा सांगितलंय. हाही आटेल, टाके उसवतील, म्हणून मी तीन दिवस पाय लाकडासारखा ताठ ठेवला. व्यायाम घेणाऱ्या पोरीला वाटलं, म्हातारी दुखण्याला भितेय. कारण कळलं तेव्हा ती पोट धरून हसली, आणि मग डोळे वटारून म्हणाली, धातू आटत नाही, न हलवलेला गुडघा मात्र आखडतो.

दोन महिन्यांनी एकदा नातीशी भांडत जिना उतरले. खाली आल्यावर लक्षात आलं, कठडा धरलाच नव्हता. गुडघा लचकला नाही, बाजूला पळाला नाही. पायरी किती खोल, हे मी न बघता त्याला ठाऊक होतं. मी तिथेच मटकन बसले, भांडण विसरून. पुढे डॉक्टरांना विचारलं, धातूला हे कसं कळतं? म्हणाले, धातूला नाही, तुमच्या बंधांना कळतं. ते शाबूत होते म्हणून चाल तुमचीच राहिली. धाकटे, सत्तर वर्षं हे शहाणं माणूस माझ्या पायात बसून राबत होतं, आणि मी त्याची कधी साधी विचारपूस केली नाही.

आता ज्यासाठी हिला लिहायला बसवलं ते. तुझा एक्स-रे मी तुझ्या लेकाकडून मागवून ह्याच डॉक्टरांना दाखवला. रागाव खुशाल. तुझीही आतलीच बाजू गेलीय. बंध धड असतील तर अर्ध्यावर भागेल, पण आणखी दिवस काढलेस तर ही संधी जाईल, म्हणतात. तू नको का म्हणतेस ते मला माहीत आहे. पाच वर्षांपूर्वी दुकानात मीच म्हटलं होतं, “गुडघ्याला सुरी लागली की माणूस संपला.” सगळ्यांचं सोडून तू माझं ऐकलंस. अगं, मला काही कळत नव्हतं. मी स्वतः घाबरले होते, आणि ती भीती तुला शहाणपण म्हणून दिली. ते बोलणं मी परत घेते. गुरुवारी दहा वाजता तुझी तपासणी ठरवलीय. मी तुला न्यायला येतेय.

तुझीच,
चुकलेली थोरली