न उडणारी पाणकोंबडी

प्रिय हेमांगी,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. सरांशी भांडून मी कॉलेज सोडलं तेव्हा तू म्हणालीस, "राग गिळता आला की कळव, तोवर नायगावला फिरकू नकोस." नाही फिरकलो. क्रूझवर लागलो, लाँड्रीत. परक्यांच्या चादरींना इस्त्री करताना रोज तुझ्याशी भांडायचो, आणि रोज तूच जिंकायचीस.

आधी पक्ष्याचं सांगतो. अटलांटिकच्या पार मध्यावर आमची बोट एका बेटाशी थांबली. नाव त्रिस्तान दा कुन्हा, म्हणजे आपल्या वर्गातल्या पॉलिन डिकुन्हाचंच आडनाव. मी सगळ्यांना सांगून टाकलं, हे आमच्या वसईवाल्यांचं बेट. उतरलो, बटाट्याच्या शेतांकडे गेलो, तर गवतातून पाणकोंबडी निघाली. तशीच काळी, लाल चोचीला पिवळं टोक, शेपटी झटकत चालणारी. जूचंद्रच्या खाडीकाठच्या खाजणात तू मला दाखवली होतीस, अगदी तशी. सवयीने टाळी वाजवली. आपली असती तर पाण्यावर पाय आपटत उडाली असती. ही नुसती धावत सुटली, मान पुढे, ढुंगण मागे, आणि गडप. तिथला एक म्हातारा हसत म्हणाला, ही उडतच नाही, गॉफ नावाच्या दूरच्या बेटावरून इथे आणलेली जात आहे. मला इतका आनंद झाला की कोणाला सांगू कळेना. म्हणजे कळत होतं, पण तू फोन उचलत नव्हतीस.

दिवाळीला जूचंद्रला घरी आलो आणि गावच्या रांगोळी प्रदर्शनात तीच काढली. शाळेच्या वर्गात, गुडघे सोलून निघेपर्यंत. पंख मुद्दाम आखूड ठेवले. चहा पिऊन परत येतो तर कोंबडी उडायच्या बेतात. शेजारचा नथूकाका हातात रांगोळीची चाळणी घेऊन उभा. "पोरा, पंख लय बारकं झालं व्हतं. उडनार कशी ती? मीच मोठं केलं."

मी भडकणार म्हणून आमच्या भूपेशदादाने माझा दंड आधीच धरून ठेवला होता. कानशिलं तापली, आणि तेवढ्यात मला ती पळतानाची कोंबडी आठवली. हसूच फुटलं. खाली बसलो, म्हटलं, काका, ही खरंच उडत नाही. "मंग तू कशाला काढलीस असली आळशी?" तो म्हणाला. रांगोळी खोडता येत नाही, म्हणून आम्ही दोघांनी त्या मोठ्या पंखांवर हिरवं गवत उगवलं.

तर राग गिळला, हे कळवायला हे पत्र. दादा साक्षीला आहे. रविवारी संध्याकाळी रांगोळी झाडून टाकतील, आणि फोटो मी पाठवणार नाही. त्याआधी ये. दारातूनच टाळी वाजव. ती उडणार नाही. मीही नाही.

तुझाच, अजून तरी शांत,
हितेश