च₁, च₂, …, च₃₀

३ जून
बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. त्यांना रोज चालवायचं काम माझ्याकडे. मी गणिताचा मास्तर, शाळेला सुट्टी, पुढे रजा टाकलेली, म्हणून. ही ऑफिसला जाताना म्हणाली, नुसते बेत नकोत. फिजिओथेरपिस्ट बाई महिन्याने तपासायला येणार. आधी तक्ता हवा.

४ जून
हाताला धरून बाबांना दारापर्यंत नेलं. कण्हले, पण गेले. तक्त्यात तीस रकाने आखणं अडाणीपणाचं. एका ओळीत भागवलं: च₁, च₂, …, च₃₀. च म्हणजे चालणं, खालचा आकडा दिवसाचा. पहिले दोन लिहिले की बाकीचे तसेच, हे टिंबांतून आपोआप कळतं. भिंतीवर लावलं. छाती फुगली.

५ जून
च₂ झालं. आता गाडी रुळावर.

७ जून
काल राहिलं. आज बाबा झोपले होते, झोपलेल्या माणसाला उठवणं पाप. शिवाय मोजणी शून्यापासून हवी होती का, हा प्रश्न आहेच. त्यात दुपार गेली.

१२ जून, संध्याकाळ
टिंबंही नकोत. (चᵢ), i = १ ते ३०. किती सुटसुटीत. बाबांनी विचारलं, आज जायचं का. म्हटलं, एवढी ओळ बघतो. ते चपला घालून बसून राहिले. मी मान वर केली तेव्हा त्यांचा डोळा लागला होता. फार वाईट वाटलं. उद्या दुप्पट चालवणार.

१३ जून
दुप्पट चालवणं गुडघ्याला घातक असावं. विश्रांती.

२१ जून
हिने विचारलं, चालतात ना. मी तक्त्याकडे बोट दाखवलं. तिला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, माझ्या पथ्यावर पडलं. जेवण मात्र गेलं नाही. पित्त झालं म्हणून सांगितलं.

२ जुलै
उद्या बाई येणार. सकाळपासून बाबांच्या मागे लागलो. पाय वाकेना. आदल्या दिवशी पुस्तक उघडणाऱ्या पोरांना मी आजवर काय काय बोललोय.

३ जुलै
बाई तक्ता बघून म्हणाल्या, वा, शिस्त आहे. मग बाबांना चालायला सांगितलं. दोन पावलं टाकून त्यांनी टेबल धरलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत बाबाच बोलले, की हा बिचारा रोज मागे लागतो, मीच ऐकत नाही. बाईंनी त्यांना चांगलंच झापलं. ते मान खाली घालून ऐकत होते. मी शेजारी उभा होतो.

त्या गेल्यावर बाबा म्हणाले, चल, दारापर्यंत जाऊन येऊ, माझी काठी आण. काठी कुठे ठेवलेली असते, ते मला त्यांनाच विचारावं लागलं.